बत्तीस दातांची फणी

१

भाईदास शेठच्या कारखान्यातलं महागडं कार्ड चोरून त्याच्या जागी खोटं बसवलंय, ही बातमी पांडेसऱ्याहून बमरोलीला जयश्रीच्या आधी पोचली. बमरोलीत बातमीला कधी पत्ता विचारावा लागत नाही. हिलाल सोनवणे नाक्यावरच्या टपरीत चहाचा पहिला घोट घेत होता, तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आबा, तुमनी पोर चोर निघनी म्हणे." हिलालने कप खाली ठेवला आणि थेट घर गाठलं.

हिलाल मूळचा पारोळ्याकडचा. वय बासष्ट. चाळीस वर्षं त्याने सुरतच्या लूमवर काढली, त्यातली शेवटची वीस मास्तर म्हणून. मास्तर म्हणजे अडलेला लूम चालता करणारा माणूस. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर तो आजही खात्यात, म्हणजे लूमच्या शेडमध्ये, दिसला असता. लूमचा नुसता आवाज ऐकून तो कुठे दुखतंय ते सांगायचा. कॉम्प्युटरबद्दल मात्र त्याला एवढंच ठाऊक होतं, की त्यावर पाणी सांडू द्यायचं नाही.

जयश्री त्याची धाकटी मुलगी. पांडेसऱ्यात भाईदास शेठच्या साडीछपाईच्या कारखान्यात ती डिझाईन करायची. हाताने नव्हे, कॉम्प्युटरवर. सहा वर्षांत तिने काढलेल्या फुलावेलींच्या साड्या पार कोलकात्यापर्यंत गेल्या होत्या आणि हिलालला त्याचा इतका अभिमान होता, की शेजारीपाजारी त्याला टाळायला लागले होते.

ती दारात आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. हिलालने तिला पाटावर बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं.

"रडीसन काय व्हई? पहिले भाकर खाय, मंग सांग."

"आबा, मी त्या कार्डले हातबी लावा नही."

"ते माले माहीत शे. काय जयं ते सांग."

झालं होतं ते असं. दोन महिन्यांपूर्वी शेठने डिझाईनच्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं. विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं. पडद्यावरच्या चित्राचे सगळे हिशेब ते करतं. ते आल्यापासून अख्ख्या साडीचं डिझाईन सात मिनिटांत तयार व्हायचं. दसरा झाला आणि तेच काम सव्वीस मिनिटं घ्यायला लागलं. दिवाळीचा माल अडला. शेठने महेशला बोलावलं. महेश कामरेजचा, कॉम्प्युटरवाला, कार्ड बसवलं होतं तेही त्यानेच. त्याने पेटी उघडली, तपासणी केली आणि निकाल दिला, की हे कार्ड नकली आहे, अस्सल कार्ड कोणीतरी काढून नेलंय. डिझाईनच्या खोलीची चावी असायची जयश्रीकडे.

"शेठनी छपाईना हॉलमा सगळासमोर सांगं," जयश्री म्हणाली. "सत्तर मानसं व्हतात, आबा. उद्या बारा वाजेपावत कार्ड आणी दे, नहीतं पोलीस, असं म्हणना."

हिलालने स्वतःही भाकरीचा तुकडा मोडला. मग त्याने मास्तरसारखा प्रश्न विचारला.

"सगळंच हळू जयं का? का काही पहिल्यासारखंच चालस?"

जयश्रीने डोळे पुसले. हे तिला महेशने विचारलंच नव्हतं. "लहान डिझाईन पहिल्यासारखंच चालस. एखादी बुट्टी, एखादी किनार, काहीच फरक नही. अख्खी साडी उघडी, की मंग अडकस."

हिलालचा घास हातातच राहिला.

"मंग ते कार्ड खोटं नही," तो म्हणाला.

२

लूमचं साधं आहे. मोटार मरतुकडी असेल तर लूम रुमालही हळू विणतो आणि चादरही हळूच विणतो. पण लूम रुमाल झपाट्याने विणून चादरीला रडत असेल, तर मोटारीला शिव्या देण्यात अर्थ नाही. मोठ्या कामाला सूत जास्त लागतं आणि ते वेळेवर पोचत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. हिलालच्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं. कारखान्याच्या वाटेवर रिक्षात त्याने ते तीनदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते खरं वाटलं.

शेठची आणि त्याची जुनी ओळख होती. भाईदासच्या बापाच्या लूमच्या खात्यात हिलालने अठरा वर्षं काढली होती. तेव्हा भाईदास अर्ध्या चड्डीत सुताच्या कोनांवर उड्या मारायचा. आज तो काचेच्या केबिनमध्ये बसला होता आणि त्याला हिलालच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता.

"बेसो, हिलालकाका. मला पण सारू नथी लागतं. पण महेशभाईने लिहून दिलंय. आ जुओ."

त्याने एक चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीवर इंग्रजीत काहीबाही होतं. हिलालला इंग्रजी येत नव्हतं, आकडे मात्र येत होते. खाली दोनदा रेघ मारून एक ओळ लिहिली होती. एक्सची फुली, तिच्यापुढे चार, मग तीन-टिंब-शून्य.

"हे काय?"

"महेश बोलला, असली कार्ड सोळा दाखवतो. आ कार्ड चार दाखवतो. एटले डुप्लिकेट."

"खोक्यावरचा नंबर कार्डाशी जुळवून पाह्यला?"

"जुळतो. पण महेश बोलला, स्टिकर तर कोणी पण छापी शके."

"आणि हे नकली कार्ड आता जाणार कुठे?"

"महेशच घेऊन जाईल. उद्या बार वागे नवीन कार्ड आणतो अने जुना भंगारमां टाकतो. सारो माणस छे, भंगार उचलण्याचे पण काही नाही मागत."

हिलालने चिठ्ठी निरखून पाहिली. चांगला माणूस फुकटात काय काय उचलून नेतो, याचा त्याला लूमच्या खात्यात भरपूर अनुभव होता.

"शेठ, उद्या बारापर्यंत मला डिझाईनच्या खोलीत बसू द्या. काही तोडणार नाही, काही नेणार नाही. तुमच्या वडलांनी मला मशीनच्या बाबतीत कधी अडवलं नव्हतं."

भाईदासने मान खाली घातली आणि चावी टेबलावरून पुढे ढकलली. "पण काका, ए लूम नथी," तो म्हणाला.

३

डिझाईनच्या खोलीत कुंदन एकटाच होता. कुंदन महाजन, चोपड्याकडचा, जयश्रीच्या बरोबरीचा दुसरा डिझायनर. पोरगा कामाचा, पण गेल्या वर्षी मुख्य डिझायनर म्हणून जयश्रीचं नाव लागलं तेव्हा तो आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता. आज ती गेली तर तिची खुर्ची त्याचीच होती. हिलालने हे लक्षात ठेवलं आणि चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही.

"कुंदन, महेशने जे पाहिलं ते मला पडद्यावर दाखव ना, भाऊ."

कुंदनने बटणं दाबली. पडद्यावर कार्डाची माहिती आली. हिलालने खिशातली चिठ्ठी काढून शेजारी धरली आणि एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. एक्स चार, तीन-टिंब-शून्य. बरोबर होतं. पण पडद्यावरची ओळ चिठ्ठीपेक्षा लांब होती.

"याच्या आधी काय लिहिलंय?"

"एक्स सोळा, चार-टिंब-शून्य. मधी ॲटची खूण. मग एक्स चार, तीन-टिंब-शून्य."

"म्हणजे दोन आकडे आहेत. महेशने एकच लिहिला."

"हां," कुंदन म्हणाला आणि खुर्चीत जरा चुळबुळला. "पहिला आकडा कार्डाची ताकद, आबा. दुसरा म्हणजे आत्ता त्याला जे मिळतंय ते. एक्स म्हणजे लेन, रस्त्याच्या पट्ट्या असतात ना, तशा. कार्ड सोळा पट्ट्यांचं आहे, आत्ता चारवरून चाललंय. आणि चार-टिंब-शून्य, तीन-टिंब-शून्य म्हणजे पिढी. नवी पिढी एकेका पट्टीवरून दुप्पट माल नेते."

हिलालने बोटांवर मोजलं. पट्ट्या पाव, त्यावर वेग निम्मा. आठवा हिस्सा. सूत येणारी वाट आठपट अरुंद झाली होती आणि मोटार बिचारी तीच होती.

"मग चार का मिळतंय?"

"ते मला काय माहीत?" कुंदन जरा जास्तच पटकन म्हणाला.

हिलाल उठला, गुडघ्यांना शिव्या देत खाली वाकला आणि पेटीच्या मागे गेला. कुठलीही मशीन मागून पाहायची, ही त्याची खोड जुनीच. पेटीच्या पाठीवर आडव्या खिडक्यांची उतरंड होती, बहुतेकांवर पत्र्याच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या. पडद्याची वायर खालच्या खिडकीतून निघाली होती आणि ती इतकी ताणली होती, की अजून बोटभर खाली ओढली तर निसटली असती. वरच्या दोन खिडक्या मात्र सताड उघड्या होत्या. त्यांच्या कडांवर धूळ नव्हती. इतके दिवस तिथे काहीतरी बसलेलं होतं आणि ते नुकतंच उठून गेलं होतं.

हिलालने मोबाईलची बॅटरी त्या उघड्या खिडकीतून आत मारली.

आत लाल डाग होता. "कुंदन," तो मागे न वळता म्हणाला, "या पेटीत रक्त सांडलंय का?"

कुंदनच्या तोंडचं पाणी पळालं.

४

रक्त नव्हतं. हिलालने बोट आत घालून नखावर घेतलं आणि नाकाशी नेलं. कुंकू होतं.

कारखान्यात कुंकू आलं की त्यामागे धुरपदाबाई असणारच. धुरपदाबाई झाडलोट करायची. वय सत्तरीला टेकलेलं, पण बोलणं असं खणखणीत की छपाईच्या मशीनच्या आवाजातही ऐकू यायचं. ती जिन्याखाली तांदूळ निवडत बसली होती.

"माय, खंडेनवमीले डिझाईनना खोलीमा पूजा कोणी करी?"

"कोण करी? मीच करी!" धुरपदाबाईने सूप खाली ठेवलं. "शेठनी सांगं, सगळा मशीनी पुजा. कातऱ्या पुज्यात, इस्त्र्या पुज्यात. कुंदननी ती पेटी उघडी, आतमाईन ते वीटनंगत काढं, हवा मारीसन साफ करं. म्हणे, माय, आपलं हत्यार हेच शे. मंग मी ते पाटवर मांडं, हळद-कुंकू वाहं. आणि जठेतीन काढं तठेबी बोटभर लावं. रिकामी जागा सुनी ठेवाले नको."

"जयश्री व्हती का?"

"ती कोठे? ती त्या दिनले शेठसंगे बाजारमा गयथी, कोलकात्तावाला व्यापारीकडे. चावी देयेल व्हती कुंदनले, पूजानी."

हिलाल परत वर आला. कुंदन अजून तिथेच उभा होता आणि त्याने आपण होऊनच बोलायला सुरुवात केली.

"आबा, मी चोरी नाही केली. पेटी महेशशिवाय कुणी उघडायची नाही अशी शेठची ताकीद होती, म्हणून मी गप्प राह्यलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कार्ड परत बसवायला गेलो तर त्या खान्यावर कुंकू. पुजलेलं कुंकू आपण पुसायचं नाही, आईने लहानपणापासून शिकवलंय. खाली अगदी तसाच दुसरा खाना होता, तितकाच लांब. कार्ड चपखल बसलं. मशीन चालू झाली, चित्र आलं. मला वाटलं, वरच्या ओट्यावर काय आणि खालच्या ओट्यावर काय, बसणारा तोच."

"आणि हळू झालं तेव्हा?"

"तेव्हा वाटलं असेल काहीतरी दुसरं. मग महेशभाई आले, म्हणाले कार्डच नकली. मला खरंच वाटलं आबा, कुणीतरी बदललंय. आणि…" त्याचा आवाज पडला. "आणि जयश्रीताईची जागा रिकामी होणार, हेही मनात येऊन गेलं. खोटं नाही बोलत."

हिलालला त्याच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटल्या. दिल्या नाहीत, कारण त्याला त्याच्या हातांची गरज होती.

"मशीन बंद कर. वायर काढ. कार्ड बाहेर घे आणि मला ते दोन्ही खाने दाखव."

पेटी आडवी झाली, कार्ड बाहेर आलं. दोन काळे खाने, एक वर, एक खाली. लांबी तीच, शेवटी कडी तीच, मध्ये एक छोटा अडसर तोही तिथेच. कोणीही फसला असता. हिलालने पाकिटातून आपलं भिंग काढलं. एका इंचात किती धागे आहेत ते मोजायला कापडावर ठेवतात ते पितळी घडीचं भिंग. लूम सुटला तरी ते त्याच्या खिशातून सुटलं नव्हतं. ते त्याने वरच्या खान्यावर धरलं आणि ओठ हलवत मोजायला लागला.

आत सोनेरी दातांची ओळ होती. लूमवर फणी असते, लांबच लांब, बारीक दातांची, आणि प्रत्येक दातातून धागा जातो. हेही तसंच होतं. एका बाजूला ब्याऐंशी दात भरले.

मग त्याने भिंग खालच्या खान्यावर नेलं. बत्तीस दातांवर ओळ संपली. पुढे फणी तेवढीच लांब होती, पण आत काळं प्लास्टिक, दात एकही नाही. लांबी सोळाची आणि धागे चारचे. खान्यांच्या कडेला, हिरव्या पाटीवर, मुंगीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत काही छापलं होतं. हिलालने भिंग तिथे नेलं. वरच्या खान्यापाशी एक्स आणि सोळा. खालच्यापाशी एक्स आणि चार.

महेशच्या चिठ्ठीवर दोनदा रेघ मारलेला तो चार कार्डाचा नव्हताच. तो खान्याचा होता.

"आबा!" कुंदन ओरडलाच. "लगेच वर बसवू?"

"नाही," हिलाल म्हणाला. "होतं तसंच खाली बसव. शेठ माझं ऐकून मान हलवतील आणि महेश आला की त्याचं ऐकून परत मान हलवतील. हे महेशच्या तोंडून निघायला हवं."

५

दुसऱ्या दिवशी बाराला महेश आला. बगलेत नव्या कार्डाचं खोकं, अंगाला अत्तराचा वास. खोलीत शेठ होता, कुंदन होता, दाराशी जयश्री उभी होती. तिचं येणं शेठला आवडलं नव्हतं, पण हिलालने तिला हाताला धरून आणलं होतं. धुरपदाबाईला कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती झाडू घेऊन कोपऱ्यात हजर होती.

महेशने थेट पेटीकडे हात घातला. हिलाल मध्ये आला आणि चेहऱ्यावर होता नव्हता तेवढा अडाणीपणा आणून म्हणाला, "महेशभाई, एक विचारू का? माझ्या भाच्याने कार्ड घेतलंय. त्याच्या पेटीत दोन लांब खाने आहेत, अगदी सारखे. कुठल्याही बसवलं तर चालेल ना?"

महेश हसला. ज्याला सगळं येतं त्याला अडाणी माणूस भेटला, की काय आनंद होतो!

"अरे काका, बैठेगा दोनों में, चलेगा भी दोनों में. पण बेसवू अलग ने दोडवू अलग! ऊपरवाला खाना असली, सोलह लेन, सीधा प्रोसेसर तक. नीचेवाला दिखावे का. लंबाई उतनी ही, अंदर चार लेन, और पीढ़ी भी पुरानी. नीचे डालोगे तो मोटा काम घिसट-घिसट के चलेगा."

"म्हणजे कार्ड खराब नसतं?"

"कार्ड तो एकदम फर्स्ट क्लास! ऊपर लगा दो, फिर दौड़ेगा. मैं तो कहीं भी जाता हूं, पेटी खोलते ही सबसे पहले यही देखता हूं, कौन से खाने में है."

"इथेही पाहिलंत ना? काल पेटी उघडलीत तेव्हा?"

"बिलकुल. बॅटरी मारीने जोयू."

"मग सांगा," हिलालचा अडाणीपणा एकदम गळून पडला, "इथलं कार्ड कुठल्या खान्यात आहे?"

महेशने खोकं एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतलं. वरचा म्हणावं तर पेटी समोर होती. खालचा म्हणावं तर स्वतःच्याच तोंडाने तो आत्ताच सगळं सांगून बसला होता.

हिलालने पेटीची बाजू काढली. "शेठ, इकडे या. हे भिंग धरा. तुमच्या वडलांनी तुम्हाला धागे मोजायला शिकवलं होतं, विसरला नसाल. खालच्या खान्यापाशी कोणता आकडा छापलाय?"

भाईदास वाकला. बराच वेळ वाकून होता.

"चार," तो म्हणाला.

"आणि चिठ्ठीवर?"

"चार."

"आता पडद्यावरची ओळ वाचा. महेशने त्यातली अर्धीच तुम्हाला लिहून दिली. आधीची अर्धी सांगते, की कार्ड सोळाचं आहे. अस्सल आहे. खंडेनवमीला पूजेसाठी ते बाहेर काढलं आणि कुंकवाचा मान राखायला खालच्या खान्यात बसवलं. चूक झाली, ती अजाणता झाली, आणि कुंदन तुम्हाला ती स्वतः सांगेल. पण महेशने ती पाहिली, ओळखली, आणि अस्सल कार्ड भंगार म्हणून फुकटात घेऊन जायचा बेत केला. त्यासाठी माझी पोर चोर ठरली तरी त्याला चालणार होतं."

"शेठ, ऐसा नहीं है, जल्दी में मेरे ध्यान में…"

"तमे हमणां ज बोल्या," भाईदास शांतपणे म्हणाला, "सबसे पहले यही देखता हूं."

महेशची पाचावर धारण बसली. नव्या कार्डाचं खोकं बगलेतून घसरलं, ते त्याने जेमतेम सावरलं.

"हे अजून नुसतं बोलणंच आहे," जयश्री दारातून म्हणाली. कालपासून ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "कार्ड वर बसवा. अख्खी साडी लावा. सगळ्यांसमोर वेळ मोजा."

कुंदनने कार्ड काढलं, वरच्या खान्याकडे नेलं आणि तिथे त्याचा हात पुन्हा थबकला. लाल बोट अजून तिथेच होतं. तेव्हा धुरपदाबाई झाडू टाकून पुढे आली.

"अरे येडा, दसरा कव्हाच गया. पूजा उठनी. आते कुंकू पुसाले कसानी हरकत?" आणि कुंदनने पुढे केलेला स्पिरिटचा कापूस घेऊन तिने खान्याची कड लख्ख पुसून दिली.

कार्ड बसलं, कडी टक् करून लागली. जयश्री आपल्या खुर्चीवर बसली. परवा अडकलेली तीच साडी तिने उघडली, सहा वारभर मोरपिसांची. शेठने मोबाईलवर घड्याळ लावलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. पाचव्या मिनिटाला हिलाल पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. यंत्राचा भरवसा त्याला होता, पण पोरीच्या नावाचा प्रश्न होता आणि तिथे त्याचा कशावरच भरवसा नव्हता. सहावं मिनिट संपलं.

सहा मिनिटं पन्नास सेकंदांनी साडी पूर्ण झाली.

कुंदनने टेबलावर जोरात थाप मारली. धुरपदाबाईने जयश्रीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. या गडबडीत महेश दाराकडे सरकत होता. शेठने त्याला थांबवलं, चिठ्ठी त्याच्यासमोर धरली आणि तिच्या खाली सही करायला लावली. तिचं पुढे काय करायचं ते तो वकिलाला विचारणार होता.

६

महेश गेल्यावर भाईदास जयश्रीसमोर उभा राहिला. "दीकरी, मारी भूल थई. मला माफ कर. उद्यापासून या खोलीची सगळी जबाबदारी तुझी, कोणती मशीन घ्यायची, कोणी उघडायची, बधूं तारा हाथमां."

कुंदनही पुढे आला. त्याला शब्द सापडत नव्हते. "ताई, मी आधीच बोलायला पाहिजे होतं," एवढंच तो म्हणाला. जयश्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याच्याशी बोलायला तिच्याकडे पुढे पुष्कळ दिवस होते. मग ती शेठकडे वळली.

"शेठ, तुम्ही मला चोर म्हणालात ते या खोलीत नाही म्हणालात. हॉलमध्ये म्हणालात."

झालं तेवढं पुष्कळ झालं, आता गप्प बस, असं हिलालच्या ओठावर आलं होतं. चाळीस वर्षं त्याने शेठ लोकांपुढे तेच केलं होतं. पण पोरीचा चेहरा पाहून त्याने ओठ मिटून घेतले.

भाईदास जिना उतरायला लागला. सगळे त्याच्या मागे. हॉलमध्ये छपाईची सहा मशीनं धडधडत होती, सत्तर माणसं कामात होती. त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. शेठने दोनदा हाका मारल्या. कोणी वर पाहिलं नाही.

तेव्हा तो भिंतीजवळ गेला आणि मोठ्या बटणावर हात ठेवला. मुकादम धावत आला. "शेठ, सीझन छे! माल अडेल!"

दिवाळीच्या तोंडावर, वीज असताना, या हॉलमधली मशीनं कोणी कधी बंद केलेली नव्हती. भाईदासच्या बापाच्या मरणाच्या दिवशीसुद्धा दोन चालू होती.

शेठने बटण दाबलं. सहाही मशीनं एकामागून एक थांबली आणि हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की सत्तर माणसं एकदम दचकून वळली.

"काल मी इथेच बोललो होतो," भाईदास म्हणाला. त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "जयश्रीबेनने चोरी केली, असं बोललो होतो. ते खोटं होतं. चोरी झालीच नाही. भूल माझी. ज्याला मी विश्वासाचा समजलो तो खोटा निघाला, आणि जी खरी होती तिला मी सगळ्यांसमोर रडवलं. म्हणून सगळ्यांसमोर तिची माफी मागतो." आणि त्याने हात जोडले.

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्या हॉलने वाजवली, आणि कुठूनतरी एक शिट्टीही आली. हिलालला समोरचं धड दिसेनासं झालं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, तरी दिसेना. बमरोलीच्या नाक्यावर आता ही बातमी कशी पळेल ते त्याला माहीत होतं, आणि या वेळी त्याला ती आपल्या आधी पोचायला हवी होती.

टाळ्या थांबल्या. सगळे जयश्रीकडे पाहत होते. तिने पदराने तोंड पुसलं, पदर कमरेला खोचला आणि पहिल्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

"मोरपिसाची साडी पहिली घ्या," ती म्हणाली. "चालू करा."